रक्त त्या सकाळचं हवं

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी जगन अंथरुणातून उठला नाही. रंभानं, त्याच्या बायकोनं, आधी लक्ष दिलं नाही. आदल्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत तो मिठागरावर मीठ ओढत होता आणि घरी आल्यावर पुरणपोळ्यांवर नि भातावर तुटून पडला होता. असा दमलेला माणूस उशिरापर्यंत झोपला तर नवल नव्हतं. पण चूल पेटवून ती आत आली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते.

"उठायचं नाय का?" तिनं विचारलं.

"उठवत नाय," जगन म्हणाला. "हात हलत नाय. पाय पन नाय."

तिला थट्टा वाटली. तिनं त्याचा हात उचलला आणि सोडला. हात धप्पकन गोधडीवर पडला आणि तिथंच राहिला. जगन टक लावून त्या हाताकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसाठची. पनवेल बंदराच्या पलीकडे खाडीच्या कडेनं मिठागरं होती आणि त्यांच्या बांधाला लागून आगऱ्यांची लहानशी वस्ती होती. जगन तिथलाच. पंचविशीतला, खांद्यानं रुंद, मिठाच्या दोन पाट्या एका वेळी उचलणारा. घरात तो, रंभा आणि त्याची म्हातारी आई गुणाबाई. बाप दयाराम जगन लहान असतानाच गेला होता.

त्या सकाळी वस्ती गोळा झाली. भगत आला. खाडीवरचं काहीतरी लागलंय म्हणाला आणि त्यानं नारळ उतरवून टाकला. दुपारी जगनची बोटं हलू लागली, मग दंड, आणि उन्हं कलली तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहिला. भगताचं नाव झालं.

पण पंधरवड्यात पुन्हा तसंच झालं. चैत्रात आणखी एकदा झालं. मीठ काढायचा भर हंगाम होता, आणि प्रत्येक वेळी आदल्या दिवशी जगननं अंग मोडून काम केलेलं असायचं. मिठागराचा मुकादम धर्मराज सगळ्यांसमोर म्हणाला, "कामाच्या वक्ताला याला बरोबर लकवा मारतो, आणि जेवायच्या वक्ताला बरोबर सुटतो." माणसं हसली. त्या दिवसापासून जगनला सगळे 'दुपाऱ्या' म्हणू लागले. बायका पाणी भरताना रंभाला विचारायच्या, "काय गो, तुझा दुपाऱ्या उठला का?"

जगन कुणाला उलट बोलला नाही. तो घरात मात्र गप्प गप्प राहायला लागला, आणि रंभाला ते नावापेक्षा जास्त लागलं.

चौथ्या वेळी तिनं शेजाऱ्याची बैलगाडी मागितली, चार माणसांकडून नवऱ्याला गाडीत घालून घेतलं आणि पनवेलात टपाल नाक्याजवळ इलियास डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. गाडी गावात शिरली तोवर जगन उठून बसला होता. दवाखान्याच्या दारात तो आपल्या पायांनी उतरला. रंभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा शिकलेला माणूसही हसणार.

इलियास डॉक्टर हसले नाहीत. पनवेलच्याच एका कोकणी मुसलमान घरातला हा माणूस मुंबईत डॉक्टरी शिकून गावात परत आला होता. चाळिशीचा, सावकाश बोलणारा. त्यांनी जगनचा गळा चाचपला, डोळे पाहिले, नाडी बराच वेळ धरून ठेवली. मग प्रश्न सुरू झाले. जुलाब होतात का? उलट्या? पोट साफ व्हायला काही घेतोस? वैद्याचा काढा, ज्येष्ठमध, असलं काही रोजचं आहे? जगन प्रत्येक वेळी नाही म्हणत होता. शेवटी डॉक्टरांनी त्याला टेबलावर बसवून गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय टुणकन उडाला.

"आत्ता तू चांगला आहेस," डॉक्टर म्हणाले.

"माहीत हाय मना," जगन म्हणाला. "सगळे तेच सांगतात."

"सकाळी तुला काय झालं होतं ते मला आत्ता कळणार नाही. पण काही झालंच नव्हतं असं मी म्हणणार नाही." ते रंभाकडे वळले. "रंभाबाई, पुढच्या वेळी याला इथं आणू नका. मला तिथं न्या."

वैशाखात तशी वेळ आली. रंभा बांधावरून धावत गेली आणि डॉक्टर सायकलवर तिच्या आधी वस्तीत पोचले. त्यांनी जगनच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या पायालाही काही झालं नाही. मग त्यांनी तळपायाला टाचणी टोचली.

"टोचलं," जगन म्हणाला.

"कुठल्या पायाला?"

"उजव्या."

डॉक्टर तिथंच जमिनीवर बसले. दारात जमलेल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "याला सगळं कळतंय, बोलता येतंय, आणि पाय मात्र मेल्यासारखा पडलाय. हातोडी मारल्यावर पाय उडू द्यायचा नाही, हे ढोंग कुणाला जमत नाही. हा आजारी आहे." धर्मराज मुकादम दारातच उभा होता. तो निघून गेला नाही.

डॉक्टरांनी जगनला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं त्याला वॉर्डात ठेवून घेतलं. रक्त काढलं. छातीला आणि हातापायांना तारा लावून हृदयाचा आलेख काढला. दिवसभराची लघवी एका मोठ्या बाटलीत साठवायला सांगितली. त्या बाटलीची जगनला इतकी लाज वाटे की तो ती चादरीखाली झाकून ठेवी. इस्पितळात काम नव्हतं, आणि जेवण मोजकं. अंगात काही होईना. रोज सकाळी जगन उठे, खिडकीपाशी जाऊन उभा राही आणि मनात म्हणे, आज तरी येऊ दे. आजारपण यावं म्हणून वाट पाहणारा तो वॉर्डात एकटाच असेल.

सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरानं रंभाला बाजूला घेऊन विचारलं, "घरात भांडणं होतात का? काम टाळावंसं वाटतं का याला? कधी कधी हे मनातून येतं."

घरी न्यायच्या दिवशी इलियास डॉक्टर स्वतः आले. वॉर्डाचे मोठे डॉक्टर त्यांचे शिक्षक होते, पांढऱ्या मिशांचे, थोडे बहिरे. दोघं जगनच्या खाटेपाशी उभे राहिले.

"इलियास, तू याला पडलेला पाहिलायस?"

"पाहिलाय, सर. गुडघ्याचा प्रतिसाद शून्य होता. संवेदना शाबूत."

"मग आपण चुकीचं रक्त तपासतोय," मोठे डॉक्टर म्हणाले. "हे चांगल्या दिवसाचं रक्त आहे. यात काय सापडणार? रक्त त्या सकाळचं हवं."

रंभा खाटेच्या उशाशी होती. तिनं धीर करून विचारलं, "रक्तात काय बगायचं असतं, डाक्टर?"

मोठ्या डॉक्टरांनी कानामागे हात धरून तिचा प्रश्न नीट ऐकला. "तुम्ही मिठागरावरच्या ना? रक्तातही क्षार असतात. खायचं मीठ असतं, तसा आणखी एक असतो, पोटॅशियम म्हणतात त्याला. तो थोडाच असतो, पण हातपाय हलायचे तर तो बेताचा असावा लागतो. हृदयालाही तो लागतो. कुणाचा जुलाबातून जातो, कुणाचा लघवीतून. म्हणून आम्ही ती बाटली भरून घेतली. याच्या शरीरातून तो वाहून जात नाही, एवढं त्यावरून कळलं. पण काही माणसांत तो अचानक रक्तातून निघून स्नायूंत शिरतो. शरीराबाहेर जात नाही, नुसती जागा बदलतो. मग स्नायू पडतात. काही वेळानं आपोआप परत येतो, माणूस उठतो, आणि कुणाचा विश्वास बसत नाही."

"मंग औषध द्या ना त्याचं."

"तिथंच अडतं," इलियास डॉक्टर म्हणाले. "असाच आजार उलटाही असतो. त्यात तो क्षार कमी होत नाही, वाढतो. माणूस दिसायला तसाच पडतो. कमी असेल तर द्यायचा, आणि वाढलेला असताना दिला तर हृदय बंद पडेल. बघून कळत नाही, रंभाबाई. मोजावंच लागतं."

ते वस्तीत परतले तेव्हा बातमी आधीच पोचली होती, की मुंबईच्या इस्पितळाला जगनमध्ये काही सापडलं नाही. धर्मराजानं त्याला पाट्या वाहायचं काम दिलं नाही. बांधावर राखणीला बसवलं. हे तो चांगल्या मनानं करतोय की टोमणा मारतोय ते जगनला कळेना.

पाऊस सरला, भातं कापायला आली. मळणीच्या धामधुमीत एका सकाळी जगन पुन्हा पडला. इलियास डॉक्टर आले, त्यांनी रक्त काढलं आणि बाटली एस.टी.नं मुंबईला धाडली. दोन दिवसांनी उत्तर आलं: पोटॅशियम वाढलेलं. खाली प्रयोगशाळेनं लिहिलं होतं की रक्तावरचं निवळ पाणीच लालभडक झालं आहे, या आकड्यावर विसंबू नये.

डॉक्टर वस्तीत आले आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. "चूक माझी झाली. पोटॅशियम रक्तातल्या पेशींच्या आत ठासून भरलेलं असतं. सुई-पिचकारीत पाण्याचा थेंब राहिला असेल, वर ठाण्यापर्यंतचे खड्डे. पेशी फुटल्या आणि आतलं सगळं बाहेर आलं. तो आकडा जगनचा नाही, त्या फुटलेल्या पेशींचा आहे. रक्त इथंच गोठू द्यायला हवं होतं आणि वरचं निवळ पाणी वेगळं करून पाठवायला हवं होतं."

"मंग परत काढा," रंभा म्हणाली.

"आधी परत पडायला हवा तो."

महिना गेला. जगनला काही झालं नाही. बांधावर बसून बसून त्याच्या अंगाला कष्ट पडत नव्हते, आणि रंभा त्याला धास्तीनं बेताचंच वाढत होती. एका संध्याकाळी तो तिला म्हणाला, "रंभा, एक सांगू? मीच तर करत नसंन ना ह्ये? म्हंजे, मनाच्या आतून? मना कळत नाय आता."

रंभानं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि बराच वेळ उलटलीच नाही. "तुमी करत नाय," ती शेवटी म्हणाली. "मी तुमचा हात उचलून बगितलाय."

दुसऱ्या दिवशी जगन एकटाच चालत पनवेलला गेला आणि दवाखान्यात पेशंट संपेपर्यंत बाकावर बसला.

"डाक्टर, मी आनतो," तो म्हणाला.

"काय आणतोस?"

"ते दुखनं. मना समजलंय ते कसं येतं. दिवसभर अंग मोडून काम करायचं, मंग पोट फुटंस्तवर भात न् गूळ खायचा, न् झोपायचं. उठलो की पडलेला असंन."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खरं सांगायचं तर हीच युक्ती मोठ्या इस्पितळांत वापरतात. सलाइन आणि इंजेक्शन देऊन मुद्दाम आणतात. पण तिथं सगळी सोय असते. इथं तुझा श्वास अडला तर माझ्याकडे हातांशिवाय काही नाही. मी तुला हे कर म्हणून सांगू शकत नाही, जगन. मुंबईला जाऊ पुन्हा."

"मुंबईला नाय जायाचं मना. तुमी नका सांगू. मी सांगतोय." तो पुढं म्हणाला, "डाक्टर, लोक हसतात त्याचं काय नाय. पन मीच माज्यावर हसाया लागलोय."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नंतर त्यांनी दोनच अटी घातल्या. ती रात्र जगननं दवाखान्यातच झोपायचं, आणि घरच्यांना सगळं सांगून यायचं.

ठरल्या दिवशी जगन मिठागरावर गेला आणि धर्मराजाला म्हणाला, "आज मना पाट्या द्या." दिवसभर त्यानं पाट्या वाहिल्या. हंगामाआधीचं बांधबंदिस्तीचं काम चालू होतं, चिखलाच्या पाट्या मिठापेक्षा जड होत्या. संध्याकाळी रंभानं गूळ घालून भात केला आणि त्याला आग्रह करकरून वाढला. आपण नवऱ्याला जेवायला वाढतोय की आणखी काही, हे तिला कळत नव्हतं. गुणाबाई कोपऱ्यात बसून नुसती बघत होती.

सकाळी दवाखान्याच्या खाटेवर जगन पूर्ण पडलेला होता; रंभा आणि गुणाबाई उशाशी होत्या. या वेळी मानही उचलत नव्हती.

डॉक्टर तयारीत होते. पिचकारी उकळून, सुकवून ठेवलेली होती. त्यांनी दंडाला फारसं न आवळता सावकाश रक्त काढलं, सुई काढून नळीच्या कडेनं हळूच सोडलं आणि ते गोठेपर्यंत वाट पाहिली. मग लघवी तपासायला ठेवलेल्या हाताच्या यंत्रात नळी बसवून त्याचा दांडा गरगरा फिरवला. नळीत तळाला लाल गोठा बसला आणि वर फिकट पिवळं, निवळ पाणी आलं. ते त्यांनी दुसऱ्या कोरड्या नळीत काढून घेतलं आणि बूच लावलं. उजेडाकडे धरून पाहिलं. जराही लाली नव्हती.

"हे मी नेते," रंभा म्हणाली. "एस.टी.च्या डायवरच्या हातात नाय द्यायचं आता."

तिनं नळी कापसात गुंडाळून हातरुमालात बांधली आणि मुठीत घेऊन पहिली गाडी पकडली. ठाण्यापर्यंत तिनं हात मांडीवर टेकवला नाही, खड्डा आला की हात वर उचलून धरला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय आहे गं? पाखरू आहे का?" रंभानं नुसती मान हलवली.

इकडे दवाखान्यात दिवस वर चढू लागला. एरवी या वेळेपर्यंत जगनची बोटं हलायची. आज हलली नाहीत. डॉक्टर पुन्हा पुन्हा नाडी पाहत होते. मधूनच एखादा ठोका चुकत होता. जगनचा आवाज बारीक झाला होता. डॉक्टरांनी त्याला एका दमात मोजायला सांगितलं. सकाळी तो वीसच्या पुढे गेला होता, आता नवावर दम संपला. फडताळात पोटॅशियम क्लोराइडची बाटली होती, मुंबईहून मागवून ठेवलेली. डॉक्टर एकदा उठून तिच्यापर्यंत गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

"द्यायची का नाय?" गुणाबाईनं विचारलं.

"कमीच असणार असं माझं मन म्हणतं, आई. पण मनावर मी तुमच्या लेकाचा जीव टाकणार नाही. फोन येऊ दे." फोन शेजारच्या अब्दुल्लाशेठच्या लाकडाच्या वखारीत होता, आणि शेठनं सकाळपासून त्याच्याजवळ माणूस बसवून ठेवला होता.

गुणाबाई जगनच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. ती डॉक्टरांकडे न बघता बोलायला लागली.

"याचा बाप पन असाच पडायचा."

डॉक्टर वळले. "काय म्हणालात?"

"दयाराम. लगीनसराईत जेवला का दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचा नाय. सगले बोलायचे, ताडी पितो. मी पन तेच बोलायची. घागरभर पानी ओतायची त्याच्यावर. तो नुसता बगायचा मना. दुपारी उठून गुमान कामाला जायचा." तिचा हात कपाळावर फिरत राहिला. "एक दिवस पानी ओतलं, न् तो बगायचा पन थांबला. आमी बोललो, पिऊन मेला."

मग जगन खाटेवरून बारीक आवाजात म्हणाला, "आये, कधी सांगितलं नाय तू."

"काय सांगू? आज समजलं मना."

"डाक्टर," तिनं डॉक्टरांकडे वळून विचारलं, "त्याला पन ह्येच व्हतं का?"

इलियास डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "गेलेल्या माणसाचं रक्त मला तपासता येत नाही, आई. पण हा आजार घराण्यातून येतो. मला वाटतं, हेच होतं. त्यांनाही माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. त्या काळी कुणाला कळण्याची सोयच नव्हती."

म्हातारी रडली नाही. तिनं पदरानं जगनचा घाम पुसला, आणि पुसत राहिली.

मुंबईत प्रयोगशाळेत रंभाला एका स्टुलावर बसवलं होतं. तिथल्या माणसानं नळीतलं पाणी पातळ करून एका यंत्राच्या बारीक नळीत सोडलं. यंत्रात निळसर ज्योत जळत होती आणि पाण्याचे तुषार तिच्यात जात होते. रंभा घाबरून उभी राहिली, तसं तो म्हणाला, "बाई, घाबरू नका. प्रत्येक क्षार ज्योतीला आपला रंग देतो. खायच्या मिठानं ती पिवळी होते. पोटॅशियमचा रंग फिका जांभळा, डोळ्यांना धड दिसतही नाही. यंत्राला दिसतो. रंग जितका फिका, तितकं पोटॅशियम कमी." त्यानं काटा पाहिला, पुन्हा तुषार सोडले, पुन्हा पाहिलं. खात्रीसाठी स्वतःच्या रक्तातलं ठेवलेलं पाणीही लावून पाहिलं. मग तो मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेला.

अब्दुल्लाशेठ स्वतः धावत दवाखान्यात आले. "डॉक्टरसाब, मुंबईचा फोन. लवकर."

पलीकडून मोठे डॉक्टर ओरडून बोलत होते. बहिऱ्या माणसाला सगळेच बहिरे वाटतात. "इलियास, साडेतीन ते पाच असायला हवं. याचं दोनाच्याही खाली आहे. नमुना स्वच्छ आहे. कमी आहे, ऐकू येतंय का? कमी. दे त्याला."

डॉक्टरांनी पेल्यात औषध ढवळलं आणि जगनची मान उचलून चमच्यानं त्याला पाजलं. ते कडू-खारट पाणी गिळताना जगनचं तोंड वेडंवाकडं झालं. गुणाबाई चमचा घ्यायला पुढे झाली, तसा डॉक्टरांनी तो तिच्या हातात दिला. थोड्या वेळानं आणखी एक पेला. दिवेलागणीच्या आत जगनच्या उजव्या हाताचं एक बोट हललं. मग मूठ वळली. डॉक्टरांनी त्याला एका दमात मोजायला लावलं आणि तो तीसवर पोचला तेव्हा ते बाहेर ओट्यावर जाऊन एकटेच बसले.

रंभा परतली तेव्हा जगन खाटेच्या कडेला बसलेला होता, पाय खाली सोडून. ती दारातच थांबली.

"कमी निघालं," ती म्हणाली.

"समजलं," जगन म्हणाला. "मी करत नव्हतो."

"मी सांगितलेलं तुमाला."

त्यानंतर जगनला रोज ते औषध पाण्यातून घ्यावं लागलं. जेवणात भात थोडा, गूळ-साखर नाही, आणि मीठ बेतानं. मिठागरावरच्या घरात अळणी कालवण शिजायला लागलं, तेव्हा शेजारणींनी आधी थट्टा केली, मग विचारपूस केली. दुखणं अजिबात गेलं असं नाही. एखाद्या सकाळी पाय जड वाटायचे. मग तो अंथरुणात पडून न राहता घोटभर औषध घेऊन बांधावरून हळूहळू चालायचा. धर्मराजानं त्याला पुन्हा पाट्यांवर घेतलं. माफी वगैरे तो मागणाऱ्यातला नव्हता. पण एका दुपारी कुणीतरी 'दुपाऱ्या' म्हणालं, तेव्हा तो म्हणाला, "त्याचं नाव जगन हाय," आणि पुढं काम सांगायला लागला.

गुणाबाईनं त्या वर्षी दयारामचं श्राद्ध पहिल्यांदा नीट घातलं. वस्तीतल्या चार घरांना जेवायला बोलावलं आणि पानं वाढून झाल्यावर उभ्यानंच सगळ्यांना सांगितलं, "तो पिऊन नाय मेला. त्याला दुखनं व्हतं." एवढंच बोलून ती आत गेली.

वर्षभरानं सुकापूरहून निरोप आला. जगनच्या चुलत्याचा मुलगा रामू लग्नाच्या वरातीत नाचून आला होता आणि सकाळी उठत नव्हता. जगन औषधाची बाटली पिशवीत घालून निघाला, पण ती त्यानं बाहेर काढली नाही. आधी रंभाला त्यानं पनवेलला डॉक्टरांकडे पाठवलं.

सुकापूरच्या घरात ओसरीवर माणसं दाटली होती. चुलती रडत होती, कुणी भगताला आणायला गेलं होतं. जगन आत गेला. रामू छताकडे बघत पडला होता. विशीतलं पोरगं, डोळे भीतीनं मोठे झालेले.

जगन त्याच्या शेजारी चटईवर बसला आणि त्यानं त्याचा पडलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

"जगनदादा, मी मरनार का?"

"नाय. इलियास डाक्टर येतायत. ते आधी रक्त काढतील, मंग औषध देतील. रक्ताच्या आधी औषध नाय, कुनी काय पन बोलू दे." दारातल्या माणसांकडे बघून त्यानं आवाज चढवला. "कुनी याच्यावर पानी ओतायचं नाय. याला सगलं कळतंय."

"लोक बोलतील," रामू कुजबुजला.

"बोलतील. चार दिवस." जगननं हात धरून ठेवला. "तू सांग मना, आता माजा हात लागतोय का तुला?"

"लागतोय."

"मंग बस झालं. मी इथंच हाय."

बाहेर सायकलची घंटी वाजली आणि माणसं बाजूला झाली.